गिरणीतले सुणे आणि आमचा ‘टीकप’

सरळ मुद्द्यालाच हात घालतो. ‘टीकप यॉर्की’ नावाची कुत्र्याची जात या जगात नाही. इंग्लंडच्या केनेल क्लबच्या यादीत ती नाही, अमेरिकेच्या यादीत नाही आणि आपल्या भारताच्या यादीतही नाही. जात आहे ती ‘यॉर्कशायर टेरियर’. ‘टीकप’ हा विकणाऱ्याने वरून चिकटवलेला शब्द, जसा आपल्या बाजारात वाटेल त्या आंब्याला ‘मानकुराद’ म्हणून टोपलीत बसवतात तसा. फरक एवढाच की खोटा मानकुराद घेतला तर आपलेच तोंड आंबट होते. खोट्या शब्दावर विकलेले पिल्लू मात्र ती किंमत स्वतःच्या हाडामांसाने फेडते.

हे लिहायला कारण आहे. पर्वरीपासून मडगावपर्यंत जिथे म्हणून फ्लॅटची वसाहत उभी राहिली, तिथे हा तळहाताएवढा केसाळ प्राणी अधूनमधून दिसू लागला आहे. डोक्यावर रिबिनीची शेंडी, अंगात स्वेटर (गोव्यात! तोही मे महिन्यात!) आणि मालकिणीच्या खांद्याला अडकवलेल्या पिशवीतून बाहेर डोकावणारे तोंड. मोबाईलवर जाहिराती फिरतात, ‘जातिवंत, एकदम छोटे, मोठे होत नाही, फ्लॅटसाठी उत्तम’. ‘मोठे होत नाही’ हा इथे गुण म्हणून सांगितलेला आहे बरे का! आपल्या नातवाविषयी कोणी असे सांगितले असते तर आपण त्याला त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे घेऊन गेलो असतो.

मी काही प्राणितज्ज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीत टेबलामागे बसणारा कारकून. पण इतिहास वाचायची खोड आहे, आणि या कुत्र्याचा इतिहास वाचल्यावर गप्प बसवेना. माझे म्हणणे थोडक्यात असे: हा कुत्रा गरीब कामगारांनी, कामासाठी, सरमिसळ करून घडवला. पुढे पुस्तकात नाव चढवून त्याला ‘जातिवंत’ ठरवण्यात आले, आणि मग प्रदर्शनांनी त्याची बाहुली केली. आज आपण बाजारात पैसे मोजतो ते त्या बाहुलीचे, आणि त्यात कुत्रा भरडला जातो.

आधी हा आला कुठून ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास स्कॉटलंडमधले विणकर पोटापाण्यासाठी इंग्लंडच्या यॉर्कशायर आणि लँकेशायर परगण्यांत उतरले. यंत्रमागाने हातमाग बसवला होता आणि काम होते ते गिरण्यांत. हडर्सफील्ड, हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड, लीड्स ही ती धुराड्यांची गावे. आपल्याकडून कोकणातली आणि घाटावरची माणसे मुंबईच्या गिरणगावात गेली, तसाच हा प्रकार. आपली माणसे जाताना कुलदैवताची तसबीर घेऊन गेली. या विणकरांच्या मागून त्यांचे छोटे टेरियर गेले. त्यात क्लाइड नदीच्या खोऱ्यातले होते, तसे पेझली या गावचे रेशमी केसांचेही होते.

पेझली हे नाव अनोळखी वाटेल, पण त्या गावाची खूण आपल्या प्रत्येक घरातल्या कपाटात आहे. साडीच्या काठावरची जी कोयरी, तिला इंग्रज लोक ‘पेझली’ म्हणतात. काश्मिरी शालींवरची ही नक्षी उचलून पेझलीच्या विणकरांनी आपल्या मागांवर तशा शाली काढल्या आणि त्या इतक्या खपवल्या की नक्षीलाच त्यांच्या गावाचे नाव पडले. आज फ्लॅटमधल्या सोफ्यावर लोळणाऱ्या त्या कुत्र्याचे काही पूर्वज याच विणकरांच्या पायाशी वाढले. यॉर्कशायरमध्ये आल्यावर तिथल्या टेरियरांशी त्यांची सरमिसळ झाली. कोणाचा बाप कोण याची वही कोणी ठेवली नाही. बारा-बारा तास राबणाऱ्या कामगाराला तेवढी फुरसत नव्हती, आणि अनेकांना लिहिताही येत नव्हते. जो कुत्रा उंदीर मारी, त्याची पिल्ले शेजारी मागून नेई. निवड झाली ती एवढीच.

कारण काम होते उंदरांचे. गिरणी, गोदाम, खाण, कामगारांच्या एकमेकींना चिकटलेल्या खोल्या, सगळीकडे उंदीर. उंदीर म्हणजे गणपतीचे वाहन एवढीच ज्यांची ओळख, त्यांनी एखाद्या सरकारी कचेरीतली जुन्या फायलींची खोली पावसाळ्यानंतर उघडून पाहावी. तर या उंदरांमागे यंत्राच्या फटीत शिरेल, अंधारात जाईल आणि उंदीर चावला तरी मागे फिरणार नाही असा जीव हवा होता. ‘टेरियर’ हा शब्दच जमीन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. जमिनीच्या पोटात शिरणारा तो टेरियर. मानेत पकडायचे, एक झटका द्यायचा, टाकायचे आणि पुढच्याकडे वळायचे, अशी ही कामाची रीत.

या इतिहासाची आरती ओवाळावी असे मला म्हणायचे नाही. १८३५ साली इंग्लंडमध्ये बैल आणि अस्वले यांच्यावर कुत्रे सोडण्याचे खेळ कायद्याने बंद झाले, तेव्हा जुगारी लोकांनी उंदरांचा खेळ वाढवला. दारूच्या गुत्त्यात लाकडी रिंगण करायचे, त्यात पोतेभर उंदीर ओतायचे, कुत्रा सोडायचा आणि घड्याळ लावून पैज खेळायची. लंडनमध्ये ‘टायनी’ नावाचा अडीच किलोचा एक टेरियर होता. तो यॉर्कशायरचा नव्हे, काळ्या-तांबूस आखूड केसांच्या जातीचा. १८४०च्या दशकाच्या अखेरीस त्याने तासाच्या आत २०० उंदीर मारल्याची नोंद आहे. खेळ क्रूर होता, तो गेला हे उत्तम झाले. पण अडीच किलोचा कुत्रा तेव्हा पहिलवान असू शकत होता, एवढे मात्र ध्यानात ठेवा. आज तेवढ्याच वजनाचे पिल्लू सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडून घेते. लहान असणे हा मूळ दोष नव्हता. दोष मागाहून घातला गेला.

तो कसा घातला, ते आता पाहू. १८५९ साली न्यूकॅसल येथे इंग्लंडमधले पहिले मोठे श्वानप्रदर्शन भरले आणि बघता बघता प्रदर्शनांची लाट आली. हा कुत्राही त्यात गेला. तोवर त्याला धड नाव नव्हते. लोक त्याला ‘विस्कटलेल्या केसांचा स्कॉच टेरियर’ म्हणत. १८७०च्या सुमारास ‘हा आता स्कॉटलंडचा राहिला नाही, यॉर्कशायरचा झाला’ अशा अर्थाचे कोणी लिहिले आणि यॉर्कशायर टेरियर हे नाव रूढ झाले. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब निघाला आणि १८८६ साली त्याने या जातीची नोंद केली. म्हणजे ज्याला आपण ‘अस्सल, पुरातन, शुद्ध’ म्हणून मिरवतो ती जात कागदावर जेमतेम १४० वर्षांची! आमच्या गावातली कित्येक घरे त्याहून जुनी आहेत.

या जातीचा मूळपुरुष म्हणून मान आहे तो ‘हडर्सफील्ड बेन’ या कुत्र्याला. १८६५ सालचा जन्म. १८७१ साली घोडागाडीखाली सापडून तो गेला. सहा वर्षांच्या आयुष्यात त्याने बक्षिसे किती मिळवली आणि पिल्ले किती दिली याला गणती नाही. आजचे यॉर्की आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेऊन भिडवतात. आता गंमत पाहा. या बेनचे वजन होते पाच किलोच्या आसपास. आणि आजच्या केनेल क्लबचे माप काय? ३.२ किलोपर्यंत. म्हणजे ज्याच्या नावावर सारे घराणे उभे आहे, तो मूळपुरुष स्वतः आज त्या घराण्याच्या मापात बसणार नाही. त्याच्याच जातीच्या प्रदर्शनातून त्याला बाहेर काढतील.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या मापात वरची मर्यादा आहे, खालची नाही. ३.२ किलोपेक्षा जास्त नको, एवढेच लिहिले आहे. किती कमी चालेल, याबद्दल कागद मुका. आणि नियमात जिथे मौन असते तिथेच व्यापारी आपले दुकान मांडतो, हे आम्हा कचेरीतल्या माणसांना कोणी शिकवायला नको. तीन किलोचे दोन झाले, दोनचा दीड झाला, दीडचा एक. प्रत्येक पायरीला भाव चढता.

मी नोंदी करणारा माणूस आहे. अर्ज, उतारे, दाखले यातच माझी वीस वर्षे गेली. म्हणून अनुभवाने सांगतो, वहीतली नोंद आणि प्रत्यक्ष वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नोंद सोयीसाठी करायची असते. पण एकदा शिक्का बसला की लोक प्रत्यक्षाला नोंदीच्या मापाने कापू लागतात. कुत्र्याच्या बाबतीत हे शब्दशः घडले. पुस्तकात नाव असलेल्याचा संबंध पुस्तकातल्याशीच व्हायचा, बाहेरचे रक्त नको. दरवाजा बंद. ज्या सरमिसळीतून हा काटक जीव निर्माण झाला, तीच सरमिसळ आता पाप ठरली. आतल्या आत नाती जुळवत गेले की दोष साचतात, हे सांगायला विज्ञानाची मोठी पदवी लागत नाही.

आणि ‘जातिवंत’ हा शब्द! किती सहज येतो तो आपल्या तोंडी. घोडा जातिवंत, कुत्रा जातिवंत, कलाकारसुद्धा जातिवंत. या शब्दाने माणसांत काय केले हे आपल्या समाजाला पुरते ठाऊक आहे. देवळाच्या पायरीवर कोण उभा राहणार आणि गाभाऱ्याजवळ कोण जाणार हे आपण पिढ्यानपिढ्या जन्मावरून ठरवले. माणसांच्या बाबतीत निदान आता सभेत तरी हा शब्द उच्चारायची आपल्याला लाज वाटते. तीच हौस आपण मग कुत्र्यावर भागवून घेतो की काय, असा मला दाट संशय आहे. ‘आमच्याकडे साधा नाही हो, पेपरवाला आहे,’ हे वाक्य ज्या सुरात उच्चारले जाते तो सूर मला फार ओळखीचा वाटतो. ज्या कुत्र्याला घेऊन हे मिरवतो त्याचे पूर्वज विस्थापित मजुरांच्या खोलीतले, बापाचा पत्ता नसलेले. त्याला त्याची लाज नाही, आपल्याला मात्र कागद हवा.

मग पुढे श्रीमंतांनी त्याला उचलले. त्याचे केस एकेरी थराचे, माणसाच्या केसांसारखे वाढतच राहणारे. गिरणीतले लोक थट्टेने म्हणत की हे केस म्हणजे आमच्या मागावरचा सर्वात तलम माल. ही कष्टकऱ्याची थट्टा होती, पण दिवाणखान्याने ती खरी मानली. केस जमिनीला टेकेपर्यंत वाढवायचे, त्यांना तेल लावायचे, बटा बटा करून कागदात गुंडाळून रबराने बांधायच्या आणि प्रदर्शनाच्या दिवशी सोडायच्या. एरवी कुत्र्याने ना पळायचे, ना उकरायचे, केस तुटतील म्हणून. शेपटी कापायची, ती रूप म्हणून. ती कापणे इंग्लंडने २००७ साली कायद्याने थांबवले. १९५७च्या ‘फनी फेस’ या चित्रपटात ऑड्री हेपबर्नबरोबर तिचा स्वतःचा यॉर्की दिसला आणि उंदीर मारणाऱ्याच्या वंशजाचे चित्र लोकांच्या मनात कायमचे बदलले.

लहान, आणखी लहान, या वेडाचे टोकही यॉर्कीनेच गाठले. ब्लॅकबर्न या लँकेशायरमधल्या गिरण्यांच्या गावी एक यॉर्की होती. वजन अवघे ११३ ग्रॅम. काडेपेटीएवढी. १९४५ साली, वयाची दोन वर्षे पुरी व्हायच्या आधी ती मेली. जगातला सर्वात लहान कुत्रा म्हणून तिचे नाव विक्रमांच्या पुस्तकात गेले. दोन वर्षेही न जगलेल्या जिवाचा विक्रम!

पण त्याच काळातली दुसरी एक यॉर्की मला आठवते, आणि ती या सगळ्याला उत्तर आहे. १९४४ साली न्यू गिनीच्या जंगलात, युद्ध चालू असताना, एका खंदकात ही कुत्री सापडली. विल्यम विन नावाच्या अमेरिकन सैनिकाने ती दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना घेतली आणि नाव ठेवले स्मोकी. वजन दोन किलोहूनही कमी. फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावर धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. जमीन खोदायची तर तीन दिवसांचे काम, आणि तेवढा वेळ माणसे व विमाने शत्रूच्या माऱ्यात उघडी. धावपट्टीखाली सुमारे २१ मीटर लांबीची आठ इंची नळी होती, जागोजागी मातीने भरलेली. स्मोकीच्या गळपट्ट्याला दोर बांधला, विन पलीकडच्या तोंडाशी जाऊन हाका मारीत बसला, आणि ती त्या अंधारातून सरपटत तार घेऊन बाहेर आली. लहान जागेत, अंधारात, मागे न फिरता. गिरणीच्या यंत्रामागे तिचे पूर्वज हेच करीत. ती १९५७ साली वारली. पिशवीतून फिरवल्या जाणाऱ्या बाहुलीच्या आत अजून हे रक्त आहे, हे आपण विसरलो आहोत.

आता देहाचा हिशेब मांडू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. जनावरांच्या कोणत्याही डॉक्टरांना विचारा. यॉर्कीची श्वासनलिका कमकुवत असते, ती आत दबते, मग बदकासारखा खोकला सुरू होतो. गळ्यातला पट्टा ओढला की ते आणखी वाढते. गुडघ्याची वाटी सरकते. एवढ्याशा जबड्यात दात मावत नाहीत, दुधाचे दात पडत नाहीत आणि हिरड्या लवकर सडतात. यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी हा जन्मजात दोष ज्या जातींत जास्त आढळतो त्यांत यॉर्की वरच्या रांगेत आहे. त्यात रक्त शुद्धच होत नाही. आणि ‘टीकप’ म्हणून जे विकतात त्यांचे तर विचारूच नका. एक वेळ खाणे चुकले तर अंगातली साखर उतरून पिल्लू थरथरत कोसळते, टाळू नीट भरत नाही. विणीची एकदम छोटी कुत्री असेल तर पोट फाडल्याखेरीज बाळंतपण अवघड. इतके लहान पिल्लू मिळवायचा मार्ग तरी कोणता? वेतातले सर्वात दुबळे पिल्लू दुसऱ्या दुबळ्याशी जुळवायचे, किंवा पिल्लाला उपाशी ठेवायचे, किंवा महिन्याभराचे पिल्लू दोन महिन्यांचे म्हणून विकायचे. चौथा मार्ग मला तरी दिसत नाही.

यावर लोक काय म्हणतात तेही ऐकले आहे. एक म्हणतो, ‘आमच्या पैशाने आम्ही घेतो, तुमचे काय जाते?’ माझे काही जात नाही हो, पिल्लाचे जाते. दुसरा म्हणतो, ‘आम्ही त्याला पोरासारखे वागवतो, एसी लावतो, चिकन भरवतो.’ वागवत असाल. पण ज्या आईच्या पोटी ते आले ती कुठल्या तरी शहरात पिंजऱ्यात बसून पुढचे वेत देते आहे, तिला कोण एसी लावते? तिसरे आमचे संस्कृतिरक्षक. ते म्हणतात, ‘विदेशी कुत्रेच नकोत, आपले गावठी सुणे पाळा.’ गावठी सुणे पाळावे हे मलाही मान्य. आपल्या हवेत ते टिकते, कमी आजारी पडते आणि प्रत्येक वाड्यावर घराच्या शोधात बसलेले असते. पण ‘विदेशी’ हा आरोप गोवेकराच्या तोंडी शोभत नाही. आपली मिरची परदेशी, काजू परदेशी, सकाळी पोदेर आणतो तो पावही परदेशी. बाहेरून आलेला जीव हा मुद्दा नाही. त्याला आपण कशासाठी आणतो आणि कसे ठेवतो, हा मुद्दा आहे.

चौथा शहाणा म्हणतो, ‘मग काय आता त्याला उंदरांच्या मागे सोडू?’ मुळीच नको. आमची घूस एक किलोच्या वर भरते. ‘टीकप’ला ती सहज उलथून टाकील. शिवाय पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचा ताप माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो. त्याला उंदीर मारायला लावू नका, पण तो टेरियर आहे एवढे मान्य करा. त्याला चालू द्या, माती हुंगू द्या, अंगणाच्या कोपऱ्यात उकरू द्या. दिवसभर तो भुंकतो म्हणून शेजारी तक्रार करतात. कामाचा जीव रिकामा बसवला की तो भुंकणारच. त्याचे केस आखूड कापा, आपल्या दमट हवेत ते लांब केस म्हणजे गुंता आणि खरूज. गळ्याऐवजी छातीला बांधायचा पट्टा घ्या. दात घासा. रिबीन काढलीत तरी त्याची तक्रार नसेल.

आणि कायदा हवा असेल तर तोही आहे. व्यापारासाठी बाहेरून कुत्रे आणण्यावर केंद्र सरकारने २०१६ साली बंदी घातली. २०१७ साली पैदाशीचे नियम आले. त्यांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. नियम कागदावर आहेत. पण गिऱ्हाईकच जर मोबाईलवरचा फोटो पाहून पैसे पाठवत असेल आणि पिल्लू बसच्या डिकीतून खोक्यात येत असेल, तर कोणता कारकून कोणत्या वहीत काय लिहिणार? हा बाजार विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याने उभा केला आहे.

तेव्हा ज्याला यॉर्की हवाच आहे त्याने जरूर घ्यावा, पण माझे एवढे ऐकावे. ‘किती छोटा राहील?’ हा प्रश्न विचारू नका. आई दाखवा म्हणा. ती कुठे राहते, किती वेळा व्याली, तिचे दात कसे आहेत, ती खोकते का, ते पाहा. नोंदणीचा क्रमांक मागा. पिल्लांतले सर्वात लहान नको, सर्वात धडधाकट द्या म्हणा, आणि ते पुढे साडेतीन-चार किलोचे झाले तर आनंद माना. हडर्सफील्डचा बेन त्याहून मोठा होता. आई दाखवायला विकणारा का-कू करू लागला, तर खिशातले पाकीट खिशातच ठेवून घरी या. वाटेत एखादे गावठी पिल्लू नक्की भेटेल.